उजेड वाढला, टिकटिक मंदावली

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डेलावेअर नावाचा उपसागर आहे. मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला तिथल्या वाळूवर हजारो कवचधारी प्राणी चढून येतात. माद्या वाळू उकरून अंडी घालतात आणि नर त्यांच्या पाठीला चिकटून फरफटत येतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे कित्येक दशके तिथले लोक हे प्राणी हातांनी वेचत, किनाऱ्यावर छातीएवढ्या उंचीचे ढीग रचून वाळवत आणि दळून शेतात खत म्हणून टाकत. उरलेले डुकरांना घालत. काही वर्षी ही वेचणी दहा लाखांच्या पुढे जाई. खाण्याजोगे मांस अंगात फारसे नाही, दिसायला ओबडधोबड, चालायला संथ. अशा प्राण्याची किंमत मातीमोलच ठरायची.

त्याच प्राण्याच्या डोळ्याने १९६७ साली एका माणसाला नोबेल घ्यायला स्टॉकहोमला नेले. हाल्डन केफर हार्टलाइन असे त्यांचे नाव. आपल्याला दिसते म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भक्कम दगड त्यांनी रचला, आणि तो माणसाच्या, माकडाच्या किंवा मांजराच्या डोळ्यात रचला नाही. ज्याला पाठीचा कणाच नाही अशा या किनाऱ्यावरच्या जिवाच्या डोळ्यात रचला. हे योगायोगाने झाले नाही. प्राणी कोणता निवडायचा, हाच या संशोधनातला अर्धा विचार होता, असे मला वाटते.

प्राण्याचे नाव लिम्युलस. घोड्याच्या नालेसारखा आकार असल्यामुळे इंग्रजीत त्याला हॉर्सशू क्रॅब म्हणतात. पण हा खेकडा नाही. त्याचे जवळचे नातेवाईक कोळी आणि विंचू. त्याच्या कुळातल्या प्राण्यांचे चव्वेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत, म्हणजे डायनोसॉर येण्याच्या कितीतरी आधीचे. रक्तात लोहाऐवजी तांबे असल्याने ते हवेत निळे दिसते. कवचाच्या दोन्ही अंगांना एकेक मोठा संयुक्त डोळा आहे, शिवाय अंगावर इतरत्र लहान लहान डोळे आणि शेपटीतही प्रकाश ओळखणाऱ्या पेशी. बाजूच्या मोठ्या डोळ्यात साधारण हजारभर नेत्रिका असतात. प्रत्येक नेत्रिका म्हणजे एक स्वतंत्र छोटा डोळाच. त्यातल्या प्रकाशपेशी माणसाच्या दृष्टिपटलातल्या शलाका आणि शंकू पेशींच्या सुमारे शंभरपट मोठ्या आहेत. डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाणारी नस लांबलचक आहे आणि ती सोलून बाहेर काढता येते. एवढे गुण एकाच प्राण्यात असणे ही संशोधकासाठी मोठी मेजवानी होती, पण ती ओळखणारा माणूस हवा होता.

केफरचा जन्म २२ डिसेंबर १९०३ चा, पेनसिल्व्हेनियातल्या ब्लूम्सबर्ग गावातला. आई-वडील दोघेही तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात शिकवत. आई इंग्रजी शिकवे आणि वडील डॅनियल हार्टलाइन जीवशास्त्र. आपला पहिला आणि सर्वांत चांगला शिक्षक म्हणजे आपले वडील, असे केफर पुढे सांगत. ओढे, जंगल, किडेमुंग्या हे सगळे त्या मुलाने वडिलांचे बोट धरून पाहिले. ब्लूम्सबर्गच्या विद्यापीठातली विज्ञानाची इमारत आज या बापलेकांच्या नावाने उभी आहे.

लाफायेट कॉलेजातून ते १९२३ मध्ये पदवीधर झाले. त्याच वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध छापून आला. विषय होता दगडाखाली, ओलाव्यात राहणारे लाकूडकिडे अगदी मंद उजेडाला कसे वळतात, हा. वय वीसच्याही आत. म्हणजे बिनकण्याचा प्राणी आणि प्रकाश ही जोडी त्यांच्या आयुष्यात सुरुवातीपासूनच आली. पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२७ मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखाना काही त्यांनी थाटला नाही. शिकत असतानाच डोळ्यावर उजेड पडला की त्यात किती वीज निर्माण होते, हे मोजण्याचा नाद त्यांना लागला होता.

या शिक्षणाच्या मधल्याच उन्हाळ्यात, १९२६ साली, ते वुड्स होल इथे होते. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या या छोट्या गावात १८८८ पासून सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा चालत आली आहे. उन्हाळ्यात देशभरचे जीवशास्त्रज्ञ तिथे जमतात आणि समुद्रातून हवा तो जिवंत प्राणी दुसऱ्या दिवशी टेबलावर मिळतो. तिथे हार्टलाइन आणि लिम्युलस यांची गाठ पडली. त्यांनी या प्राण्याच्या आणि काही कीटकांच्या डोळ्यांतली वीज मोजली आणि ते काम १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. पण ती संपूर्ण डोळ्याची एकत्रित वीज होती. तिच्यातून एकेका पेशीचे काम वेगळे काढता येत नव्हते.

त्या काळात याच अडचणीवर इंग्लंडमध्ये एडगर एड्रियन झुंजत होते. मज्जातंतूंमधून संदेश जातो तो सारख्या उंचीच्या छोट्या विद्युत ठोक्यांच्या रूपात जातो, आणि चेतना जास्त असेल तर ठोका मोठा होत नाही, ठोके जास्त वेळा पडतात, हे त्यांनी स्नायू आणि त्वचेच्या तंतूंवर दाखवून दिले होते. मग एड्रियन आणि रेचेल मॅथ्यूज यांनी डोळ्याकडे मोर्चा वळवला. त्यांनी ईल माशाची दृष्टीची नस घेतली. परंतु त्या नसेत असंख्य तंतू, आणि सगळे एकदम बोलणारे. आठवडी बाजाराच्या वेशीबाहेर उभे राहून आतल्या एकाच विक्रेत्याचा भाव ऐकण्यासारखा तो प्रकार होता. गलबला वाढला की कमी झाला एवढे कळे, पण कोण काय म्हणतो ते कळत नसे.

हार्टलाइन यांनी मधली काही वर्षे गणित आणि भौतिकशास्त्राला दिली. आधी जॉन्स हॉपकिन्समध्ये दोन वर्षे, मग एका प्रवासी शिष्यवृत्तीवर जर्मनीत. लाइपझिगला हायझेनबर्ग आणि म्युनिकला सोमरफेल्ड यांच्याकडे. क्वांटम सिद्धान्ताचा तो ऐन बहर होता आणि डॉक्टरीची पदवी घेतलेला हा तरुण त्या गर्दीत बसून समीकरणे उतरवून घेत होता. भौतिकशास्त्रज्ञ ते झाले नाहीत. पण एखादी गोष्ट खरी कळली असे केव्हा म्हणायचे याबद्दलचा त्यांचा कडक निकष मात्र तिथून आला असावा, असे त्यांचे पुढचे काम पाहून वाटते. आकडा हवा, संबंध हवा आणि शक्य तर समीकरण हवे.

१९३१ मध्ये ते फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉन्सन फाउंडेशनमध्ये रुजू झाले. संस्थेचे प्रमुख डेटलेव्ह ब्राँक होते. ब्राँक यांनी एड्रियन यांच्याबरोबर काम करून स्नायूला जाणाऱ्या एकट्या तंतूची वीज नोंदवली होती. म्हणजे हवे ते तंत्र त्याच इमारतीत होते. जोडीला आले क्लॅरेन्स ग्रॅहम, मूळचे मानसशास्त्रज्ञ. यश वाटून घेताना लोक ग्रॅहम यांना विसरतात, ते बरे नव्हे. माणसाला उजेड कमी-जास्त कसा जाणवतो, याच्या मोजमापाची नेमकी जाण त्यांनीच या कामात आणली.

या दोघांनी जे केले ते ऐकायला सोपे आणि करायला अतिशय चिकाटीचे होते. लिम्युलसचा एक डोळा कवचाच्या तुकड्यासह काढायचा आणि त्याच्यामागची नस सोडवून घ्यायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुयांनी ती नस चिरत जायचे. एका जुडग्याच्या दोन जुड्या, दोनाच्या चार, असे करत केसाहून बारीक उरेपर्यंत. प्रत्येक वेळी उरलेला धागा विद्युत अग्रांवर ठेवायचा, डोळ्यावर उजेड टाकायचा आणि व्हॅक्यूम ट्यूबच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येणारा आवाज ऐकायचा. जोवर त्या धाग्यात तंतू बरेच आहेत तोवर नुसती खरखर येते. तंतू तोडत तोडत एकच जिवंत राहिला की खरखर थांबते आणि स्वच्छ, एकसारखी टिकटिक सुरू होते. नोंदीच्या पट्टीवर सगळे ठोके एकाच उंचीचे आणि नियमित अंतराने उमटतात. आता आपण एका नेत्रिकेचे बोलणे ऐकतो आहोत, याची हीच खूण. १९३२ मध्ये हे काम छापून आले. डोळ्यातल्या एकट्या तंतूचे बोलणे माणसाने ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती.

ती टिकटिक काय सांगत होती? अंधारात ती जवळपास शांत. प्रखर उजेड पडला की क्षणभर सेकंदाला शंभराच्या वर ठोके, आणि उजेड तसाच ठेवला तरी लगेच संख्या उतरून एका स्थिर पातळीवर येई. डोळा बदलाकडे जास्त लक्ष देतो, टिकून राहिलेल्या गोष्टीकडे कमी. दुसरी गोष्ट, उजेड दहापट केला म्हणून ठोके दहापट होत नव्हते. दर दहापटीला ठोक्यांत साधारण सारखीच भर पडत होती. दुपारचे ऊन आणि संध्याकाळची सावली यांतला प्रचंड फरक एका बारीक तंतूच्या मोजक्या ठोक्यांत मावतो तो असा. माणसाला उजेड असाच जाणवतो हे मानसशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते. आता त्याचे मूळ सापडले, आणि तेही मेंदूत सापडले नाही. डोळ्याच्या पहिल्याच पायरीवर सापडले. अगदी थोड्या वेळाच्या झोतासाठी प्रखरता आणि वेळ यांचा गुणाकार सारखा असेल तर परिणामही सारखाच होतो, हा छायाचित्रणातला जुना नियमही त्या एका तंतूत जसाच्या तसा दिसला. पुढे याच दोघांनी वेगवेगळ्या रंगांचे झोत टाकून एकेका नेत्रिकेची रंगसंवेदना मोजली.

लिम्युलसखेरीज इतर डोळेही हार्टलाइन यांनी तपासले. १९३८ मध्ये त्यांनी पेक्टेन या शिंपल्याचा डोळा घेतला. या शिंपल्याच्या कडेवर रांगेने डोळे असतात आणि प्रत्येकात दृष्टिपटलाचे दोन थर. एका थरातले तंतू उजेड आला की बोलत, आणि दुसऱ्या थरातले उजेड गेला की. सावली पडली की शिंपला मिटतो, तो या दुसऱ्या थरामुळे. त्याच वर्षी त्यांनी बेडकाच्या दृष्टिपटलातून एकेक तंतू वेगळा काढला आणि तिथे तीन जाती आढळल्या. काही उजेड आल्यावर आणि असेपर्यंत बोलणारे, काही फक्त येता-जाता, आणि काही फक्त गेल्यावर. शिवाय प्रत्येक तंतूचे दृष्टिपटलावर ठरलेले एक क्षेत्र होते. तेवढ्यात उजेड पडला तरच तो तंतू हलणार. ग्राही क्षेत्राची ही कल्पना आज मेंदूविज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. त्या काळी बेडकाच्या तंतूवर हे करून दाखवणे इतके अवघड होते की बरीच वर्षे दुसऱ्या कुणी ते फारसे केलेच नाही.

१९३६ मध्ये त्यांनी मेरी एलिझाबेथ क्राउस यांच्याशी लग्न केले. त्या ब्रिन मॉर कॉलेजात तौलनिक मानसशास्त्र शिकवत. तीन मुलगे झाले, आणि तिघेही पुढे जीवशास्त्राकडेच वळले. महायुद्धाच्या काळात वैमानिकांना रात्री कसे आणि किती दिसते, या कामात हार्टलाइन गुंतले. त्या वर्षांबद्दल इथे अधिक सांगण्याची गरज नाही, कारण खरी गोष्ट त्यानंतर येते.

प्रयोगशाळेत लिम्युलसच्या एका नेत्रिकेवर उजेडाचा बारीक ठिपका पाडून टिकटिक ऐकत असताना हार्टलाइन यांच्या एक गोष्ट लक्षात आली. खोलीतले इतर दिवे लागले की टिकटिक कमी होते. उजेड वाढला तर ठोके वाढायला हवेत, निदान तेवढेच राहायला हवेत. इथे ते घटत होते. दुसरा कुणी दिवे बंद करून पुढे गेला असता. खोलीतला फालतू उजेड प्रयोगात येऊ न देणे हीच तर प्रयोगाची शिस्त. हार्टलाइन यांनी उलट त्या फालतू उजेडालाच प्रयोगाचा विषय केले. एका ठिपक्याने एक नेत्रिका चालू ठेवायची आणि दुसऱ्या ठिपक्याने तिच्या शेजारच्या नेत्रिका उजळायच्या. शेजारी उजळले की पहिलीचा वेग मंदावे. शेजारी जितके जवळ, जितके जास्त आणि जितके प्रखर, तितके मंदावणे अधिक. नेत्रिकांच्या मागे तंतूंचे एक जाळे आहे. ते कापले की परिणाम नाहीसा होई. १९४९ मध्ये त्यांनी याचा पहिला त्रोटक वृत्तान्त दिला आणि १९५६ मध्ये हेन्री वॅग्नर व फ्लॉइड रॅटलिफ यांच्यासह सविस्तर निबंध. या क्रियेला लॅटरल इनहिबिशन हे नाव रूढ झाले, म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला घातलेला आवर.

आवर घालून डोळ्याचा काय फायदा? वाचकाला हे घरी पाहता येईल. रात्री दिव्याखाली पांढऱ्या कागदावर पुठ्ठ्याची सावली पाडा आणि पुठ्ठा कागदापासून थोडा वर धरा. सावलीची कड धूसर होईल. नीट पाहिले तर त्या धूसर पट्ट्याच्या काळ्या बाजूला एक अधिकच काळी रेघ आणि उजळ बाजूला एक अधिकच उजळ रेघ दिसेल. कागदावर त्या रेघा नाहीत. उजेड मोजणाऱ्या यंत्राला त्या सापडत नाहीत. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये या रेघांचे वर्णन केले आणि दृष्टिपटलातले शेजारचे बिंदू एकमेकांवर परिणाम करत असणार, असा तर्क गणितासह मांडला. विमानाचा वेग ज्यांच्या नावाने मोजतात तेच हे माख. तर्क बरोबर होता, पण पेशीत हात घालण्याचे साधन त्यांच्या काळात नव्हते.

लिम्युलसच्या डोळ्यात त्याचा उलगडा झाला. समजा, डोळ्याच्या अर्ध्या भागावर ऊन आहे आणि अर्ध्यावर सावली. उजेडाच्या मधोमध असलेल्या नेत्रिकेला चहूबाजूंनी जोरदार शेजारी आहेत, त्यामुळे तिच्यावर आवर मोठा. पण कडेवरच्या उजळ नेत्रिकेचे अर्धे शेजारी सावलीत, मंद. तिच्यावर आवर कमी, म्हणून ती आपल्या उजळ भावंडांपेक्षा जोरात बोलते. कडेच्या पलीकडे सावलीतल्या नेत्रिकेवर मात्र उजळ शेजाऱ्यांचा दाब पडतो, म्हणून ती इतर अंधाऱ्या नेत्रिकांपेक्षाही खाली जाते. कड ठळक झाली. रॅटलिफ आणि हार्टलाइन यांनी १९५९ मध्ये उजेड-सावलीची अशी कड डोळ्यावरून सरकवत एकाच नेत्रिकेचे ठोके मोजले, आणि माख यांच्या त्या दोन रेघा आलेखात स्पष्ट उमटल्या. पुढे १९६५ मध्ये रॅटलिफ यांनी या विषयावर पुस्तक लिहिले आणि त्यात माख यांचे मूळ निबंध इंग्रजीत आणले. माख यांच्या पहिल्या निबंधाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

मला या सगळ्या कामात सर्वांत मोठी वाटते ती १९५७ ची पायरी. आवर एकतर्फी नव्हता. अ ही नेत्रिका ब ला दाबते तेव्हा ब सुद्धा अ ला दाबत असते. आणि कोण किती दाबणार हे त्याच्यावर पडलेल्या उजेडावरून ठरत नाही. दाबले गेल्यानंतर तो स्वतः किती ठोके देतो, त्यावरून ठरते. म्हणजे प्रत्येकाचे उत्तर इतर प्रत्येकाच्या उत्तरावर अवलंबून. हार्टलाइन आणि रॅटलिफ यांनी हे सगळे साध्या एकसामयिक समीकरणांत बसवले, शाळेत आपण क्ष आणि य शोधायला जी सोडवतो तशीच, फक्त जितक्या नेत्रिका तितकी. त्या समीकरणांनी एक चमत्कारिक भाकीतही केले. ब मुळे अ दबली आहे. आता ब च्या पलीकडची क उजळवा, इतकी दूर की ती अ पर्यंत पोहोचणार नाही. क दाबेल ब ला, आणि ब चा हात ढिला पडल्यामुळे अ पुन्हा जोर धरेल. मोजले, तर अगदी तसेच निघाले. जिवंत मज्जातंतूंच्या जाळ्याचे वागणे गणिताने इतके अचूक आधीच सांगून ठेवावे, असे तोवर क्वचितच घडले होते. लाइपझिग आणि म्युनिकची ती वर्षे वाया गेली नव्हती.

तोवर हार्टलाइन यांचे ठिकाण दोनदा बदलले होते. १९४९ मध्ये ब्राँक जॉन्स हॉपकिन्सचे अध्यक्ष झाले, तेव्हा हार्टलाइन तिथे जैवभौतिकी विभागाचे प्रमुख म्हणून गेले. १९५३ मध्ये ब्राँक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेवर आले आणि हार्टलाइनही तिथे आले. पुढची दोन दशके लिम्युलसची टाकी रॉकफेलरमध्ये राहिली. माणूस अबोल, हळू बोलणारा, प्रसिद्धीपासून दूर. प्रयोगशाळेत सगळीकडे तारा, अर्धवट उघडलेली यंत्रे, हाताने बनवलेली साधने. बाहेरून पाहणाऱ्याला पसारा वाटे, पण आत काम करणाऱ्याला त्यातच नवे सुचत असे. डोंगर चढणे आणि होडी हाकणे यांची त्यांना आवड होती, आणि तरुणपणी उघड्या विमानातून उडण्याचीही. निबंध मात्र ते फार थोडे छापत. जे छापत ते पक्के असे.

याच काळात त्यांच्या कल्पना इतरांच्या हातात वाढू लागल्या. स्टीफन कुफ्लर यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये मांजराच्या दृष्टिपटलावर काम केले. १९५३ मध्ये त्यांनी दाखवले की तिथल्या ग्राही क्षेत्राला मध्य आणि कडे असते, आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध वागतात. शेजाऱ्याला आवर घालण्याचे तत्त्व सस्तन प्राण्यातही भेटले. कुफ्लर यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी तोच धागा मेंदूपर्यंत नेला आणि १९८१ मध्ये नोबेल मिळवले. माणसाच्या डोळ्यात प्रकाशपेशी बारा-तेरा कोटी आहेत, पण मेंदूकडे जाणारे तंतू दहा-बारा लाखच. एवढे सगळे जसेच्या तसे पाठवणे शक्यच नाही. कुठे काय बदलते तेवढे निवडून पाठवायचे आणि सपाट, सारखे ते गाळायचे, हे डोळ्याला करावेच लागते. २०१२ मध्ये चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत अ‍ॅलेक्सनेट या संगणकीय जाळ्याने सगळ्यांना मागे टाकले, आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. त्याच्या कर्त्यांनी जाळ्याच्या एका टप्प्याचे वर्णन लॅटरल इनहिबिशनचाच एक प्रकार असे केले होते.

१९६७ चे वैद्यकाचे नोबेल हार्टलाइन, जॉर्ज वाल्ड आणि रॅग्नर ग्रानिट या तिघांना विभागून मिळाले. वाल्ड यांनी दृष्टिपटलात अ जीवनसत्त्व शोधून प्रकाश पकडणाऱ्या द्रव्याचे रसायन उलगडले होते. ग्रानिट यांनी सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातली वीज आणि रंगांचा भेद तपासला होता. १९३० च्या दशकाच्या उंबरठ्यावर ग्रानिटही काही काळ फिलाडेल्फियाच्या त्याच जॉन्सन फाउंडेशनमध्ये होते. हार्टलाइन यांनी १२ डिसेंबर १९६७ ला दिलेल्या नोबेल व्याख्यानात खोलीतल्या त्या फालतू उजेडाची हकिकत स्वतःच सांगितली.

एक प्रश्न मात्र राहून गेला होता, आणि तो मला या कथेतला सर्वांत माणुसकीचा वाटतो. हा डोळा इतका कळला, पण या डोळ्याने लिम्युलस पाहतो तरी काय? प्रयोगशाळेत डोळा प्राण्यापासून वेगळा काढलेला असे. समुद्रातला प्राणी त्याचा काही उपयोग करतो का, याबद्दल अनेकांना शंकाच होती. याचे उत्तर दिले रॉबर्ट बार्लो यांनी. ते हार्टलाइन यांचे रॉकफेलरमधले विद्यार्थी. जिवंत प्राण्यावर काम करताना त्यांना आढळले की रात्र झाली की लिम्युलसचा मेंदू डोळ्याकडे उलटे संदेश पाठवतो, आणि डोळ्याची संवेदना जवळपास दहा लाख पटींपर्यंत वाढते. रात्रीच्या अंधुक उजेडासाठी डोळा असा तयार होतो. कापून काढलेल्या डोळ्यात हे कधीच दिसले नसते, कारण ज्या मेंदूचा हा हुकूम तो तिथे नव्हताच. मग बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी घालण्याच्या हंगामात उथळ पाण्यात सिमेंटचे साचे ठेवले, काही मादीच्या आकाराचे, काही वेगळे, काही काळे, काही फिके. नर मादीसारख्या काळ्या आकारांकडे वळत होते. १९८२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. लिम्युलसच्या डोळ्याचे मोठे काम अंधाऱ्या पाण्यात जोडीदार शोधण्याचे आहे. पुढच्या वर्षी, १७ मार्च १९८३ रोजी, मेरीलँडमध्ये हार्टलाइन यांचे निधन झाले.

खतासाठीची वेचणी थांबली तरी या प्राण्यामागचा ससेमिरा सुटला नाही. त्याच वुड्स होलमध्ये फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये दाखवले की जिवाणूंच्या संपर्कात लिम्युलसचे रक्त गोठते. त्यावरून इंजेक्शने आणि लसी शुद्ध आहेत की नाहीत हे पाहण्याची चाचणी निघाली आणि ती जगभर रूढ झाली. त्यासाठी दरवर्षी लाखो प्राणी पकडून, रक्त काढून परत सोडले जातात, आणि त्यातले सगळे जगत नाहीत. रक्ताऐवजी प्रयोगशाळेत बनवलेले प्रथिन वापरण्याचा मार्ग आता उपलब्ध आहे. औषध कंपन्यांनी तो लवकर पत्करावा, असे मला मनापासून वाटते.

हॉर्सशू क्रॅबच्या जगात उरलेल्या जाती चारच. त्यांपैकी दोन भारतात आहेत, ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर. गोव्यात दोना पावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओडिशातल्या या प्राण्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. २००९ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. तरीही मासेमारीच्या जाळ्यांत ते अडकतात आणि किनाऱ्यावरच्या बांधकामांनी त्यांच्या अंडी घालण्याच्या जागा जातात. महाराष्ट्रातून पुष्कळ जण पुरीला, तिथून पुढे बालासोर आणि चांदीपूरला जातात. तिथल्या वाळूत हा प्राणी उलटा पडून पाय हलवताना दिसला तर त्याला शेपटीला धरून उचलू नका. शेपटीच्या आधारानेच तो स्वतःला सुलटा करतो, आणि ती दुखावली तर त्याचा आधार जातो. दोन्ही हातांनी कवचाच्या कडा धरा, सुलटा करा आणि पाण्याकडे तोंड करून ठेवा.